नाळेतली येजा

आजीने फळीवरचा ॲल्युमिनियमचा डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि घरभर सुकटीचा वास सुटला. वर्तमानपत्राचा तुकडा हातावर पसरून तिने दोन मुठी सुकट त्यावर घातली, पुडी वळायला घेतली आणि मध्येच थांबली. "तुमी आता रायगडाकडं निघालाव न्हवं? माघारी नाळंनं न्हाय जायाचं?" आम्ही म्हटलं, नाही आजी, रायगड चढायचा आणि मग महाडहून एसटी. "मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. सुकट परत डब्यात गेली, झाकण लागलं, डबा फळीवर चढला. तिच्या आवाजात नाराजी नव्हती. न्यायला माणूस नाही, तर वस्तू जागेवर राहते, इतकाच त्याचा अर्थ होता. मग तिने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि आमच्या पायांकडे बघत विचारलं, "नाळंत लई धोंडं सरकलं का?"

ती सुकट आमच्यासाठी नव्हतीच. वर घाटमाथ्यावर, मोहरीत, तिचा भाऊ राहतो. त्याच्यासाठी होती. सकाळी निघताना त्याच भावाने तिच्यासाठी खुरासणीची एक पुरचुंडी आमच्या हाती दिली होती आणि बोराट्याच्या नाळेने, म्हणजे दोन कड्यांमधल्या धोंड्यांच्या घळीने, आम्ही ती खाली पाने गावात आणली होती. राजगडाहून तोरणा, तोरण्याहून मोहरी आणि तिथून कोकणात उतरून रायगड, असा आमचा डिसेंबरातला रेंज ट्रेक. पाठीवरच्या सॅकमध्ये जे काही होतं त्यात तेवढी एकच वस्तू दुसऱ्या कुणाची होती. घरी आल्यावर मांड्यांचं दुखणं थांबलं, पायमोज्यांत रुतलेली कुसळंही एकेक करून निघाली. तो डबा बंद होतानाचा आवाज मात्र अजून मनातून जात नाही.

चालायला लागलं की दिवस पाण्यावरून मोजायची सवय लागते. किती वाजले हे नंतर, बाटलीत किती उरलं हे आधी. गुंजवण्यातून भल्या पहाटे निघालो, चोरदरवाज्याने राजगड चढून पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा अंगावरचा स्वेटर केव्हाच निघाला होता. टाक्यातलं पाणी भरताना बाटलीच्या तोंडावर रुमाल धरायचा, पहिली बाटली तिथेच उभ्याने संपवायची, पुन्हा भरायची. पाणी इतकं गार की दातांत कळ जाते, आणि मागे कातळाची, शेवाळाची एक चव जिभेवर राहते. इथे पोटभर पिऊन घ्यायचं, कारण संजीवनी माचीच्या दुहेरी तटातून पुढे सरकत अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की तोरण्यापर्यंतच्या धारेवर पाण्याचा भरवसा नाही. मग सगळे मुकाट्याने आपापल्या बाटलीशी बांधील होतात. घोट घेताना तो आधी तोंडात फिरवायचा, मग गिळायचा. आमच्यातला एकजण सगळ्यांत जास्त घामाघूम होतो, त्याला सगळ्यांत जास्त तहान लागते, आणि थांबलं की आपली बाटली पहिल्यांदा पुढे करणारा तोच. इतक्या वर्षांत त्यात फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात कुणी बोलत नाही. संजीवनीच्या दोन तटांमधल्या अरुंद वाटेत उन्हं पोचलेली नसतात, हात टेकवला की दगडातला रात्रीचा गारठा तळव्यातून मनगटापर्यंत येतो. पावलं, काठीचं टोक, कुणाच्या तरी सॅकला अडकवलेल्या भांड्याची किणकिण, एवढेच आवाज. बाहेर धारेवर आलं की गवत. डिसेंबरात ते वाळून सोनेरी झालेलं असतं, जागोजागी माणसाच्या छातीला लागतं, आणि सकाळी दवाने असं जड असतं की मांडीपर्यंत पँट भिजून जाते. दहाच्या सुमाराला तेच गवत खडखडीत वाळतं आणि मग कुसळं सुरू होतात. बुटाच्या नाडीत, पायमोज्याच्या काठाशी, शर्टाच्या बाहीत. काढत बसायला वेळ नसतो. टोचत असताना चालायचं आणि संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात बसून उपटायची. दिवसभरात जेवढ्या गोष्टी सोसायच्या असतात त्यांत ही सगळ्यांत किरकोळ, पण दिवस संपल्यावर मला पहिल्यांदा आठवते ती हीच.

बुधला माचीवर चढताना मुरमाचा घसारा आहे. पाऊल टाकलं की अर्धं पाऊल मागे येतं. सॅक पाठीला मागे ओढत असते, उजव्या हाताला दरी. तिथे मला दर वेळी भीती वाटते आणि ती पोटात वाटत नाही, पोटऱ्यांत वाटते. त्या थरथरायला लागतात. अशा वेळी वरून मैत्रिणीचा आवाज येतो, "डावा पाय अजून थोडा वर घे, तिथे खाच आहे. आता उजव्या हाताने ते खोड धर. धर, पक्कं आहे." ती घाई करत नाही, धीर द्यायला म्हणून काही सांगतही नाही, फक्त पुढची जागा सांगते. पुढची जागा कुठे आहे हे कुणीतरी शांतपणे सांगत असताना माणूस किती चढून जाऊ शकतो, हे मला डोंगरात कळलं. घरात, दवाखान्यात, वडिलांच्या शेवटच्या आजारात, लोक मला धीर देत होते तेव्हा मी याच आवाजाची वाट पाहत होते.

तोरण्यावर मेंगाईच्या देवळाशी पोचेपर्यंत सूर्य कलला होता. १४०३ मीटर उंचीवरचा वारा काय असतो ते घाम सुकल्यावर कळतं. पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. चुलीपुढे तीन दगडांवर पातेलं, त्यात मुगाची खिचडी, निखाऱ्यावर भाजलेला पापड, आईने दिलेलं लिंबाचं लोणचं. घरी हीच खिचडी मी आजारी असल्यावर खाते. इथे पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड कुणाला मिळणार यावर चर्चा झाली आणि ती पाच ठिकाणी नीट वाटली गेली. ईशान्येला पुण्याचा उजेड आभाळाला लागला होता. पश्चिमेला मात्र काहीच नव्हतं. नुसता अंधार, आणि त्या अंधाराच्या पलीकडे कुठेतरी आपल्याला उतरायचं आहे, ही जाणीव.

झोप लागली नाही. असं नेहमी होतं. दमलेलं शरीर झोपेला तयार असतं, पण मॅटखालचा एकच खडा बरगडीशी वाद घालत राहतो. अशा जागेपणी मला माझी भोरकडची आजी आठवते. ती गावातल्या बायकांची ओळख सांगताना त्यांच्या माहेरचा घाट सांगायची. ही मढेघाटाखालची, ती वरंध्याखालची. गावाचं नाव त्यानंतर, कधी कधी विसरलेलंच. लहानपणी मला वाटायचं, घाट म्हणजे बायका जिथून येतात ती जागा. आणि एका अर्थाने ते खरंच होतं. कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि तांदूळ वर यायचा, वरून नाचणी, वरई, खुरासणी खाली जायची, आणि या मालाच्या येण्याजाण्यात सोयरिकी जुळायच्या. नाणेघाट, बोरघाट हे मोठ्या व्यापाराचे घाट. तिथे जकातीचा रांजण होता, लेणी होती, राणीचा शिलालेख होता. मोहरीसारख्या गावाच्या कड्यावरून उतरणाऱ्या नाळांना यातलं काहीच लाभलं नाही. त्यांनी फक्त माणसं वाहिली. नव्या नवऱ्या, बाळंतपणाला निघालेल्या लेकी, झोळीत घातलेले आजारी, भाऊबिजेला निघालेले भाऊ.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटाने रेल्वे चढली. तेव्हापासून सह्याद्रीतल्या पायवाटांची रहदारी थोड्याथोडक्या घाटांकडे वळत गेली. पुढे वरंध, ताम्हिणी, मोटारी, एसटी. ही काही तक्रार नाही. बाळंतीण अडली तर झोळीपेक्षा जीप केव्हाही बरी, आणि ज्याने कधी डोक्यावर पोतं घेऊन नाळ चढलेली नाही त्याने रस्त्याविरुद्ध एक शब्द बोलू नये असं मला मनापासून वाटतं. तरी एक गोष्ट खरी आहे. रस्ता कुठून कुठे जायचा हे मालाने आणि सरकारने ठरवलं, पायवाट कुठून कुठे जायची हे नात्यांनी ठरवलं होतं. दोन्हींचे नकाशे एकमेकांवर ठेवले तर जुळत नाहीत. जिथे ते जुळत नाहीत तिथे एखादा भाऊ वर राहतो आणि एखादी बहीण खाली.

दुसऱ्या दिवशी तोरण्यावरून उतरून हारपुडाकडून मोहरीपर्यंतची चाल लांब आहे आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ऊन, पठार, पुन्हा चढ, पुन्हा पठार. भात कापून झालेली खाचरं, कडेला पेंढ्याच्या उडव्या, वाळक्या कारवीतून जाताना सॅकला घासणाऱ्या काड्यांचा कडकडाट. एका ओढ्याच्या झाडीत शीळकरी कस्तूर बोलत होता, तेवढ्यासाठी आम्ही थांबलो. शाळेतून घरी निघालेलं एखादं पोर माळावर वाट विसरून शीळ घालत हिंडावं तसा त्याचा आवाज असतो, सूर धरतो, सोडतो, पुन्हा दुसरीकडून धरतो. हिवाळ्यात तो क्वचितच इतका मोकळा बोलतो. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या चढावर सगळ्यांची पावलं हलकी पडत होती हे मला मागून दिसत होतं.

मोहरीत शिरताना विहिरीवरून येणाऱ्या दोघी भेटल्या. एकीच्या डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी, कमरेला आणखी एक. आम्ही वाट सोडून बाजूला झालो. तिने जाता जाता विचारलं, "पानी हाय का प्यायला? का देऊ?" आमच्या बाटल्या रिकाम्या होत्या. तिने कमरेवरची कळशी तिथेच दगडावर टेकवली आणि ओंजळी झाल्या, बाटल्या झाल्या, कळशी अर्धी झाली. आम्ही नको म्हणत राहिलो, ती ओतत राहिली. नंतर हातपाय धुवायला आम्ही त्या विहिरीवर गेलो तेव्हा कळलं की ती किती खाली आहे. रिकाम्या हातांनी वर येतानाही मला दोनदा दम खायला थांबावं लागलं. त्या अर्ध्या कळशीसाठी ती पुन्हा खाली गेली असणार, अंधार पडायच्या आत.

ज्यांच्या ओसरीवर आम्ही पथाऱ्या टाकल्या ते मामा साठीच्या पुढचे. अंगणात शेणाने सारवलेलं खळं, कोपऱ्यात नाचणीचं काड, दावणीला दोन बैल. त्यांनी आमची चौकशी कुठून आलात अशी केलीच नाही. "खाली कुठनं उतरनार?" हा पहिला प्रश्न. बोराट्याच्या नाळेने म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाली पान्यात भन दिलीया माजी." जेवणं झाल्यावर ते आम्हाला गावाबाहेर घेऊन गेले. अंधारात, टॉर्चशिवाय, पायांनाच ठाऊक असलेल्या वाटेने. कड्यापासून बऱ्यापैकी अलीकडे थांबवून त्यांनी हात लांब केला. समोर लिंगाण्याचा सुळका आभाळात काळा उभा होता, त्याच्यामागे रायगडाचा पसारा, आणि खाली, काळ नदीच्या खोऱ्यात, मोजक्या दिव्यांचे पुंजके. "त्यो डावीकडचा," ते म्हणाले. मला कुठला ते नीट कळलं नाही. त्यांना कळत होता.

भाऊबिजेला ते पूर्वी नाळेने जायचे. पहाटे निघायचं, दुपारचं जेवण बहिणीकडे, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुकट, मीठ, कधी आंब्याचं लोणचं डोक्यावर घेऊन वर. आता गुडघे साथ देत नाहीत. गाडीने जायचं तर वेल्ह्याला जा, तिथून भोर, वरंध घाट उतरून महाड, महाडहून पुन्हा आत पान्याकडे. जो दिवा ओसरीपासून हाकेवर दिसतो तिथे पोचायला आख्खा दिवस. पावसात वरंध बंद झाला की तेही नाही. मुलगा पुण्यात गाडीवर ड्रायव्हर आहे, त्याला दिवाळीत सुट्टी मिळत नाही. "ती बी म्हातारी झाली, तिला वर यायचं व्हत न्हाय. फोनवर बोलतो. पन फोनवर काय द्याचं घ्याचं?" मी विचारलं, नाळेने आता गावातलं कोण जातं? "वाट मोडत चालली, ताई. लिंगान्याला येनारी पोरं जात्यात, पन ती खिंडीतनंच माघारी फिरत्यात. खालनं येनारी बी खिंडीतनंच माघारी जात्यात. आरपार कोन जातंय?"

सकाळी निघताना त्यांनी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणून दिली. यंदाची खुरासणी. बहिणीला हिची चटणी आवडते, खाली तशी होत नाही. मारुतीच्या देवळामागचं घर, एवढाच पत्ता. आमची नावं त्यांनी विचारली नाहीत, नंबर घेतला नाही, पोचल्यावर कळवा असंही म्हणाले नाहीत. माणूस त्या वाटेने निघाला आहे म्हटल्यावर वस्तू पोचणार, यात त्यांना शंकेला जागाच दिसत नव्हती. मी ती पुरचुंडी सॅकच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवली, जिथे मी पाकीट आणि फोन ठेवते.

नाळेत उन्हं उशिरा येतात. वरून बघितलं तर दोन कड्यांच्या मधली एक फट, आत शिरलं की घराएवढे धोंडे एकमेकांवर रेललेले आणि त्यांच्या मधून खाली सरकायचं. बसून, पाठ टेकवून, कधी तोंड दगडाकडे करून. पुढच्याच्या डोक्यावर दगड जाऊ नये म्हणून सगळे जवळजवळ राहून उतरतात आणि एखादा निसटलाच तर "दगड!" अशी हाक वरून खालपर्यंत जाते. कातळात आडवं जायचं तिथे आम्ही दोर लावला. बोटांनी पकड शोधताना नाकाशी कातळ येतो आणि त्याला ओल्या मातीचा, पाकोळ्यांच्या विष्ठेचा वास असतो. त्या आडव्या टप्प्यावर मी एका खाचेत पाय टाकला तर ती खाच गुळगुळीत होती. पाण्याने होते तशी सगळीकडून नाही, फक्त मधोमध, पावलाच्या चवड्याएवढी. माझ्याआधी शेकडो वर्षं तिथेच पाय ठेवला गेला होता, कारण दुसरीकडे ठेवायला जागाच नाही. राजगडावरची राजधानी रायगडावर गेली तेव्हा दप्तरं घेऊन, निरोप घेऊन, तान्ही पोरं काखेला मारून माणसं ज्या कुठल्या नाळांनी उतरली असतील, त्यांच्याही पायांनी अशाच खाचा शोधल्या असतील. पण मला त्या क्षणी इतिहासातलं कुणी आठवलं नाही. भाऊबिजेला निघालेले मामा आठवले. डोक्यावर ओझं असताना त्यांनी इथे हात कुठे धरला असेल?

लिंगाण्याच्या खिंडीत पोचलो तेव्हा सुळका चढणारी काही मुलं दोर गुंडाळत होती. ती मोहरीहूनच आली होती आणि परत वरच जाणार होती. खिंडीच्या खाली पान्याकडची वाट वेगळीच निघाली. वरच्या टप्प्यात धोंड्यांवर घासल्याच्या खुणा ताज्या होत्या, इथे मात्र झाडोरा वाटेत आला होता. पुन्हा थोडं खाली गेल्यावर, पान्यातून चढणाऱ्यांनी मळलेली वाट ठळक झाली. मामांचं म्हणणं डोळ्यांनी दिसत होतं. वाटेची वरची टोकं जिवंत, खालची जिवंत, आणि मधला तुकडा गवताच्या ताब्यात चाललेला.

आजीने पुरचुंडी उघडण्याआधी तिचा वास घेतला.

मग गाठ सोडून चार दाणे तळहातावर घेतले, एक दाणा दाताखाली चावला आणि "औंदा बरी भरलीया" म्हणाली. भावाचे गुडघे कसे आहेत, बैल विकले का, मोहरीच्या देवळावर पत्रा घातला का, असे प्रश्न एकामागून एक. आम्ही एका रात्रीत पाहिलेलं सगळं तिला आठवून आठवून सांगत होतो आणि ती प्रत्येक उत्तरावर थोडं थांबत होती. ओसरीच्या कुठल्या बाजूला झोपलो, तेही तिने विचारलं. तिच्या लग्नाआधी ती त्याच बाजूला झोपायची. त्यानंतर फळीवरचा डबा निघाला, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

सह्याद्रीत हिंडणाऱ्या माझ्यासारख्यांना एक समाधान असतं. गावकऱ्यांच्या पायांखालून गेलेल्या वाटा आपल्यामुळे टिकतात, असं आम्ही एकमेकांना सांगतो. कुणी जुन्या घाटवाटा शोधून त्यांच्या नोंदी करतं, कुणी कातळावर बाण रंगवतं, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या स्वयंपाकघरात मला दिसलं की आम्ही वाट चालतो, वापरत नाही. आम्ही उतरतो, आमची गाडी दुसऱ्या टोकाला उभी असते, आणि मागे जी वाट राहते तिच्याने कुणाचा निरोप परत जात नाही. वाट टिकायला पायांची गरज आहे हे खरं, पण ते पाय दोन्हीकडून यायला हवेत. आलेला माणूस जाणारही असला पाहिजे, तरच त्याच्या हाती काही देता येतं. हे आजीला शिकवावं लागलं नाही. तिने एक प्रश्न विचारला आणि डबा मिटला.

काळ नदी ओलांडून रायगडवाडीकडे जाताना आम्ही फार बोललो नाही. रायगडाच्या पायऱ्यांवर मात्र माणसांचा पूर होता. शाळांच्या सहली, ताकाचे माठ, लिंबू सरबत, शिवगर्जना करत चढणारी पोरं, दर वळणावर दम खात बसलेल्या नऊवारीतल्या आज्या. १९९६ पासून इथे रोपवे आहे, तरी पायऱ्यांनीच चढायचं म्हणून लातूर-नांदेडहून आलेली माणसं असतात, आणि ती बघून मला दर वेळी भरून येतं. जगदीश्वराचं दर्शन घेतलं, समाधीपुढे बसलो. नंतर पूर्वेच्या टोकाला गेलो तर आम्ही चाललेलं सगळं एका नजरेत समोर होतं. खाली पान्याची कौलं, त्यावर लिंगाणा, त्यामागे घाटमाथ्याची सरळ भिंत, आणि सगळ्यांत मागे तोरणा नि राजगड, धुरकट निळे. घाटमाथ्याच्या भिंतीत मी नाळेची फट शोधत राहिले. दुपारच्या उन्हात सावल्या नसतात, त्यामुळे ती सापडली नाही. भिंत सलग दिसत होती.

महाडच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. वडापाव खाता खाता मी म्हटलं, जानेवारीत पुन्हा यायचं, पण या वेळी खालून वर. पान्यातून निघायचं आणि मोहरीत मुक्काम. कुणी हसलं नाही. एकजण लगेच उन्हाचं बोलायला लागला: खिंडीपर्यंतचा चढ उघडा आहे, म्हणजे पहाटे साडेचारच्या आत पान्यातून पाऊल बाहेर पडलं पाहिजे, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम तिथेच. मैत्रीण म्हणाली, गुडघ्यांना चढ उलट सोपा, आणि आडव्या टप्प्याला खालून जाताना पकडी डोळ्यांसमोर असतात. ओझं किती न्यायचं यावर बोलणं आलं, सॅकमध्ये जागा रिकामी ठेवायची हे न बोलता ठरलं. अडलं ते पाण्यावर. हिवाळ्यात नाळेत थेंब नसतो. माणशी तीन लिटर पुरतील, बाकीचं मोहरीत पोचल्यावर पिऊ, असं त्याचं म्हणणं. मी पाच म्हणत होते. वर पोचल्या पोचल्या कुणाच्या कमरेवरची कळशी दगडावर टेकायला लावायची नाही, मग चढाला दोन किलो जास्त झाले तरी चालतील. फलाटावर गाडी लागली, आम्ही सॅक उचलल्या, आणि तो तरीही तीनवरच अडून होता.